यंत्र ज्या ओळी वाचीत नाही

‘टीका’ या शब्दाचे आपल्या भाषेत फार नुकसान झाले आहे. अमक्याने तमक्यावर टीका केली असे म्हटले की उणीदुणी काढली, दोष दाखवले, एवढाच अर्थ आज ध्यानात येतो. वस्तुतः टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा आशय उलगडून दाखवणारे लेखन. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. शब्दाचा हा जुना अर्थ आता पाठ्यपुस्तकांपुरता उरला आहे असे आम्ही समजत होतो. परंतु एका अगदी अर्वाचीन व्यवसायात तो निराळ्या नावाने नांदतो आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारी मंडळी त्या आज्ञावलीच्या पोटातच ठिकठिकाणी टिपा लिहून ठेवतात. त्यांस ती ‘कॉमेंट’ म्हणतात. पुण्याला, बंगळूरला, हैदराबादेस किंवा थेट परदेशात ज्यांची मुले-मुली या कामात आहेत अशी घरे आपल्यांत आता थोडीथोडकी नाहीत. दिवसभर ही मुले पडद्यासमोर नेमके काय लिहीत असतात, याचे कुतूहल त्यांच्या आईवडिलांस असतेच. त्या लिहिण्यातील जो भाग यंत्र वाचीतच नाही, त्याविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. आमचा विषय भाषा, संगणक नव्हे. पण कोणासाठी लिहावे आणि काय लिहावे हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे.

आज्ञावली म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातून पाहिले तर लवकर समजते. पाककृतीत जशी एकापुढे एक कृती सांगितलेली असते, तशा आज्ञावलीत एकापुढे एक आज्ञा असतात आणि यंत्र त्या मुकाट्याने पाळते. आता गूळ घालून करावयाच्या खिरीची कृती घ्या. ‘पातेले खाली उतरवून, खीर निवल्यावर गूळ घालावा’ ही झाली आज्ञा. तिच्याशेजारी आजीने बारीक अक्षरात लिहून ठेवलेले असते: ‘उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटते.’ ही झाली टीप. टीप नसली तरी खीर होते, आणि आजी हयात असेतो चांगलीच होते. पुढे मात्र एखादी नवी सून किंवा एखादा हौशी नातू ‘उगाच खीर निवेपर्यंत कशाला थांबावयाचे?’ असे म्हणून ती पायरी गाळतो, आणि दूध फाटल्यावर त्या पायरीचे प्रयोजन घरास कळते.

यंत्रास ही टीप आज्ञा वाटू नये म्हणून तिच्यापुढे एक खूण करावी लागते. निरनिराळ्या संगणकभाषांत ही खूण निराळी असते. ‘पायथन’ या भाषेत # हे चिन्ह, इतर कित्येक भाषांत दोन तिरक्या रेघा किंवा तिरकी रेघ आणि फुली. 1957 साली आलेल्या ‘फोरट्रॅन’मध्ये पत्र्यासारख्या ताठ कार्डांवर भोके पाडून आज्ञा लिहीत, तेथे कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असले की ते कार्ड टिपेचे. अशी खूण दिसली की यंत्र तो मजकूर ओलांडून पुढे जाते. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांस या सोयीचा हेवा वाटावा. आपल्याकडे एकाने समासात लिहिलेली टीप पुढचा नकलकार मूळ संहितेतच उतरवून घेई आणि दोनशे वर्षांनी तो ‘क्षेपक’ ओळखून बाहेर काढताना पंडितांस घाम फुटे. आज्ञावलीत मूळ आणि टीका यांची अशी सरमिसळ होत नाही.

तेव्हा टीप ही सर्वस्वी माणसासाठी आहे. पण कोणत्या माणसासाठी? आज्ञावली लिहिणारास त्या क्षणी सारे ठाऊकच असते. टीप हवी असते ती सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी किंवा वीस वर्षांनी येणाऱ्यास: जो मूळ लेखकास ओळखत नाही, ज्यास फोन करून विचारण्याची सोय नाही आणि ज्याच्यापुढे कोणीतरी ‘हे आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा’ म्हणून ते काम टाकलेले आहे. पुष्कळदा हा परका माणूस म्हणजे काही काळाने परतलेला मूळ लेखकच असतो, असे या व्यवसायातील लोक हसत हसत सांगतात.

अशा माणसास काय सांगावे? नवशिक्यांच्या टिपा बहुधा वाया जातात त्या येथेच. शाळेच्या हजेरीची एक आज्ञावली आहे असे समजू. तीत एक ओळ आहे: ‘हजर दिवस = हजर दिवस + 1’. तिच्यापुढे टीप असते: ‘हजर दिवसांत एक मिळवावा.’ ही टीप आमच्या वर्गातील त्या विद्यार्थ्यासारखी आहे, ज्यास कवितेचा अर्थ लिही म्हटले की तो कवितेतील शब्दच मागेपुढे करून लिहितो. एक मिळवला आहे हे ओळीतच दिसते. आता दुसरी ओळ पाहा: ‘कामाचे दिवस = कामाचे दिवस – 11’. वाचणारा येथे थांबतो. अकरा का? दहा का नाहीत? येथे पुढील टीप असली तर ती सोन्याच्या मोलाची: ‘पुरामुळे शाळा 11 दिवस बंद होती, ते दिवस जमेस धरू नयेत. हे याच वर्षापुरते. पुढील जूनमध्ये ही ओळ काढावी.’ कारण, मर्यादा आणि पुढे काय करावयाचे, या तिन्ही गोष्टी तीत आल्या. आणि यांतील एकही गोष्ट आज्ञा कितीही निरखून पाहिली तरी तीत सापडली नसती.

रघुवंश, कुमारसंभव आणि मेघदूत यांवर ‘संजीवनी’ टीका लिहिणारा कोलाचल मल्लिनाथ हा आपल्या शेजारच्या तेलंगणातला. मुळात आधार नाही ते लिहावयाचे नाही आणि वाचकास ज्याची गरज नाही ते सांगत बसावयाचे नाही, असा दंडक त्याने स्वतःस घालून घेतला होता. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत टिपांविषयी जी पानेच्या पाने असतात, त्यांचा गाभा आम्हांस तरी या दंडकाहून फारसा निराळा दिसला नाही.

सर्वांत अधिक गरज असते ती चुकीच्या दिसणाऱ्या, पण मुद्दाम तशा ठेवलेल्या ओळीस. ज्यांच्या घरी संगणकावर ‘एक्सेल’ आहे त्यांनी एक गंमत करून पाहावी. एखाद्या चौकटीत 60 हा आकडा लिहावा आणि तो तारखेच्या स्वरूपात दाखवावयास सांगावा. उत्तर येते 29 फेब्रुवारी 1900. असा दिवस कधी उजाडलाच नाही. शतकाचे वर्ष 400 ने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष. 1900 तसे नाही. मग एवढ्या मोठ्या कंपनीस हे साधे गणित येत नव्हते काय? येत होते. एक्सेलच्या आधी ‘लोटस 1-2-3’ नावाची आज्ञावली सर्वत्र वापरात होती, आणि तिने 1900 हे लीप वर्ष धरले होते. लोकांच्या जुन्या हिशेबांतील तारखा एक्सेलमध्ये एका दिवसाने सरकू नयेत म्हणून ती चूक जशीच्या तशी, जाणूनबुजून उचलली गेली. आता कल्पना करा, अशा ओळीपाशी एखादा हुशार आणि उत्साही तरुण येऊन पोहोचला आणि शेजारी कारण लिहिलेले नसले तर? तो ती चूक सुधारील, स्वतःवर खूश होईल, आणि त्यानंतरच्या साऱ्या तारखा एका दिवसाने हलतील. अशा जागी ‘हे चूक आहे हे आम्हांस ठाऊक आहे, अमुक कारणास्तव ठेवले आहे, हात लावू नये’ एवढे लिहिणे हे शुद्ध कर्तव्य ठरते.

कारण लिहून न ठेवल्याची किंमत किती होऊ शकते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू या उड्डाणतळावर 4 जून 1996 रोजी घडले. त्या दिवशी ‘आरियान 5’ या नव्या युरोपीय अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण होते. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रह त्याच्या माथ्यावर होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे 40 सेकंदांत, सुमारे 3700 मीटर उंचीवर, अग्निबाणाने एकाएकी दिशा सोडली. तो मोडला आणि त्याचा स्फोट झाला.

फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि त्याने 19 जुलै 1996 रोजी अहवाल दिला. अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातील आज्ञावली त्याच्या आधीच्या ‘आरियान 4’ वरून घेतलेली होती. तीत एका ठिकाणी आडव्या वेगाशी निगडित अशी एक मोठी, 64 अंकस्थानांत मावणारी संख्या 16 अंकस्थानांच्या जागेत बसवली जात होती. 16 स्थानांच्या त्या जागेत 32,767 याहून मोठी संख्या मावत नाही. पायलीचे धान्य चिपट्यात ओतण्यासारखाच हा प्रकार. धान्य थोडे असेतो काही बिघडत नाही. आरियान 4 च्या मार्गावर तो वेग कधी तेवढा वाढतच नसे. आरियान 5 चा मार्ग निराळा होता; त्याचा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढे. संख्या मावली नाही, उपकरण बंद पडले. त्याच्या जोडीस ठेवलेले दुसरे उपकरण त्याच आज्ञावलीवर चालणारे असल्याने ते त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेले होते. बंद पडताना उपकरणाने धाडलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि नसलेली चूक सुधारण्यासाठी अग्निबाण वळवला.

एवढ्यावरून ‘कोणी तरी निष्काळजीपणा केला’ असे वाचकांस वाटेल. अहवाल वाचताना तसे वाटत नाही, आणि येथेच खरी शिकण्याजोगी गोष्ट आहे. ज्यांत असा धोका संभवत होता अशा सात संख्या लेखकांनी पूर्वीच हुडकलेल्या होत्या. त्यांतील चार संख्यांभोवती त्यांनी संरक्षण घातले. तिन्हींना घातले नाही, तेही विचारपूर्वक: संगणकावरील कामाचा भार 80 टक्क्यांवर जाऊ द्यावयाचा नव्हता आणि या तीन संख्या मर्यादेबाहेर जाणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता. निर्णय संबंधितांनी एकत्र बसून घेतला होता आणि आरियान 4 पुरता तो बरोबरच होता. पण या निर्णयाचे कारण प्रत्यक्ष आज्ञावलीत कोठेही नमूद केलेले मंडळास आढळले नाही. कागदपत्रांच्या प्रचंड पसाऱ्यात ते गृहीतक, कोणाचाही तसा हेतू नसताना, बाहेरून तपासणाऱ्यांच्या दृष्टीआड राहिले, असे मंडळाने नोंदवले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, आज्ञावलीचा तो भाग उड्डाणानंतर आरियान 5 ला लागतच नव्हता. उलटगणती मध्येच थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून पूर्वीच्या अग्निबाणांसाठी तो उड्डाणानंतरही सुमारे 40 सेकंद चालू ठेवीत. चांगली चाललेली आज्ञावली कशाला बदला, या विचाराने तो तसाच राहिला.

एका टिपेने आरियान 5 वाचला असता असे आम्ही म्हणत नाही. नव्या मार्गाची आकडेवारी घालून ते उपकरण तपासलेच गेले नव्हते, आणि मंडळाने त्यावर सडेतोड लिहिले आहे. तरीही त्या ओळीशेजारी ‘ही संख्या येथे मुद्दाम तपासलेली नाही. आरियान 4 च्या मार्गावर ती मर्यादेत राहते. मार्ग बदलल्यास पुन्हा विचार करावा’ एवढी वाक्ये असती, तर तपासणाऱ्याचे बोट तेथे थबकण्याचा संभव होता. आज्ञा अचूक होती. ती कोठपर्यंत अचूक आहे, हे सांगावयास तेथे कोणी नव्हते. (नष्ट झालेल्या चार उपग्रहांच्या जागी नवे चार तयार करून ते 2000 साली अवकाशात पाठवण्यात आले.)

या व्यवसायात याविरुद्धही एक मत आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. आज्ञावली अशी स्वच्छ लिहावी की तीस टीपच लागू नये. जेथे टीप लागते तेथे लेखन फसले, असे काही जाणते लोक मानतात. त्यांत तथ्य आहे. एखाद्या राशीस ‘क्ष’ असे नाव देऊन पुढे ‘क्ष म्हणजे विलंबशुल्क’ अशी टीप लिहिण्याऐवजी त्या राशीचे नावच ‘विलंबशुल्क’ ठेवावे. दुर्बोध वाक्य लिहून खाली तळटीप देणाऱ्या लेखकास आम्हीही हेच सांगू. पण नावे कितीही सुबोध ठेवली तरी ‘हा दुसरा मार्ग आम्ही करून पाहिला होता, तो अमुक कारणाने सोडला’ हे कोणत्या नावात मावणार? जे केले नाही, त्याची आज्ञा नसते. ते टिपेतच सांगावे लागते.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. आज्ञा चुकली तर यंत्र अडते, ओरडते. टीप खोटी ठरली तर कोणीच ओरडत नाही. विलंबशुल्क पाचाचे दहा रुपये होते, आज्ञा बदलली जाते आणि तिच्या डोक्यावरील ‘पाच रुपये आकारावेत’ ही टीप वर्षानुवर्षे तशीच राहते. बदली होऊन गेलेल्या साहेबाच्या नावाची पाटी दारावर राहावी तशी. अशी टीप असण्यापेक्षा नसलेली बरी. म्हणून आज्ञेस हात लावणाराने तिच्या टिपेसही हात लावावा, आणि टीप आज्ञेच्या अगदी लगत असावी, हा नियम चांगल्या कार्यालयांत पाळतात. वाईट कार्यालयांत काय पाळतात ते सांगावयास नको.

टिपांत माणसेही भेटतात. 1969 साली अपोलो 11 चे यान चंद्रावर उतरले, त्या वेळी त्यातील संगणकात जी आज्ञावली होती ती आज कोणासही वाचावयास उपलब्ध आहे. उतरण्याच्या मार्गदर्शनाच्या भागात दोन ओळींपुढे ‘हे तात्पुरते’ असे लिहून ‘अशी आशा आहे’ मधील आशा हा शब्द लागोपाठ तीनदा लिहिला आहे. त्या दोन ओळी तशाच चंद्रावर गेल्या. सरकारी शाळांतून ‘तात्पुरत्या’ पत्र्याच्या वर्गखोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस यात नवल वाटणार नाही. दुसऱ्या एका भागात अँटेना जागेवर आणण्याची अंतराळवीरास विनंती केल्यावर, ‘तो खोटे तर बोलत नाही ना, ते पाहावे’ अशा अर्थाची टीप आहे.

‘युनिक्स’ या संगणकव्यवस्थेच्या 1975 सालच्या सहाव्या आवृत्तीतील एक टीप तर या क्षेत्रात म्हणीसारखी झाली. यंत्र एक काम बाजूस ठेवून दुसरे हाती घेते त्या अवघड जागी, ‘हे तुम्हांस समजावे अशी अपेक्षा नाही’ अशा आशयाची ती ओळ होती. लोकांस ती उद्धट वाटली. कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की, ‘हा भाग परीक्षेस नाही’ अशा प्रेमळ सुरात ती लिहिली होती. आणि खरे तर तेथे काय चालले आहे हे आम्हांसही नीटसे उमगले नव्हते, अशी कबुलीही त्यांनी दिली. याच युनिक्सवर सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी आज्ञावलीच्या ओळींचे क्रमांक देऊन एक सविस्तर भाष्य लिहिले. आज्ञावली कंपनीच्या मालकीची असल्याने ते उघडपणे छापता येईना. विद्यार्थ्यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या, त्या प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि सुमारे वीस वर्षे ते असेच हातोहात फिरत राहिले. रीतसर पुस्तक निघाले ते 1996 साली. पोथ्या उतरवून घेणाऱ्या आपल्या पूर्वजांस ही मंडळी परकी वाटली नसती.

डोनाल्ड नूथ यांनी तर 1984 साली असा विचार मांडला की, यंत्राने काय करावे हे यंत्रास सांगण्यापेक्षा, यंत्राकडून आपणांस काय करवून घ्यावयाचे आहे हे माणसास समजावून सांगणारा निबंध म्हणूनच आज्ञावली लिहावी, आणि आज्ञा त्या निबंधाच्या ओघात याव्यात. ‘टेक’ ही आपली अक्षरजुळणीची आज्ञावली त्यांनी अशीच लिहिली आणि 1986 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. फार थोड्यांनी हा मार्ग धरला. भाषेचा अध्यापक म्हणून आम्हांस त्याची मोहिनी पडते हे खरे. पण निबंध लिहिणे जिवावर येणारी मुले आम्ही आयुष्यभर पाहिली असल्याने ही पद्धत सर्वत्र का रुजली नाही, हे आम्ही समजू शकतो.

हल्ली आज्ञावली लिहिण्याचे कामही यंत्रे करू लागली आहेत आणि सांगितले तर टिपाही लिहून देतात. या टिपा भाषेने नीटस असतात. ओळ काय करते हे त्या चांगले सांगतात. परंतु पुरामुळे शाळा 11 दिवस बंद होती, हे ज्यास कोणी सांगितलेच नाही ते यंत्र लिहिणार कोठून? तेवढी ओळ अद्याप माणसानेच लिहावयाची आहे.

आणि ती मराठीत लिहिता येते, हे फार थोड्या पालकांस ठाऊक असते. आज्ञांतील ठरीव शब्द इंग्रजी. टिपेचा मजकूर यंत्र ओलांडूनच जात असल्याने तो कोणत्याही भाषेत चालतो आणि पायथनसारख्या आजच्या भाषा देवनागरी अक्षरे बिनतक्रार स्वीकारतात. कचेरीत नाना प्रांतांचे लोक एकत्र काम करतात, तेथे इंग्रजीच लिहावी लागते व ते योग्यही आहे. पण शाळेत संगणक शिकणाऱ्या मुलास पहिल्या टिपा मायबोलीत लिहू द्याव्यात. मुलाने केलेली आज्ञावली पालकांस कळली नाही तरी हरकत नाही. त्यांनी टिपा तेवढ्या वाचाव्यात, आणि जेथे आकडा दिसेल तेथे बोट ठेवून ‘हा एवढाच का रे?’ असे विचारावे. मूल जे उत्तर देईल, ते तेथल्या तेथे # हे चिन्ह काढून त्याच्यापुढे लिहावयास सांगावे.